पस्तिशी उलटली म्हणून परिचर्येचे दार बंद का?

प्रति,
मा. मंत्री, वैद्यकीय शिक्षण, महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई,
मा. अध्यक्ष, भारतीय परिचर्या परिषद, नवी दिल्ली,
तसेच रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील सर्व आमदार व खासदार यांस,

विषय : परिचर्या (नर्सिंग) अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी असलेली ३५ वर्षांची कमाल वयोमर्यादा रद्द करण्याबाबत, आणि दुसऱ्या व्यवसायातून येणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्यांच्या सोयींबाबत.

महोदय, महोदया,

सविनय निवेदन असे की, मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका ग्रामीण रुग्णालयात अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) आहे. या व्यवसायात येण्यापूर्वी मी मासळीवर प्रक्रिया करून ती निर्यात करणाऱ्या एका कारखान्यात दर्जा तपासनीस होते, आणि जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या पदविकेच्या, पहिल्या वर्षाला बसले तेव्हा माझे वय चौतीस होते. सुरुवातीला मी वर्गात शिरले की मुली उठून उभ्या राहात, कारण नव्या पाठ्यनिर्देशिका (शिकवणाऱ्या सिस्टर) आल्या असा त्यांचा समज होई. हे सांगण्याचे कारण एवढेच की, आणखी दोन वर्षांनी मी अर्ज केला असता तर तो छाननीतच बाद झाला असता. माझ्या ओळखीत अशा कितीतरी स्त्रिया आणि काही पुरुषही आहेत, ज्यांचा अर्ज असा बाद झाला, किंवा बाद होणार हे आधीच कळल्यामुळे त्यांनी तो भरलाच नाही. हे पत्र त्यांच्या वतीने लिहीत आहे.

परिचर्या परिषदेच्या मानकांनुसार एएनएम (साहाय्यकारी परिचारिका प्रसाविका), जीएनएम आणि बी.एस्सी. नर्सिंग या तिन्ही अभ्यासक्रमांसाठी किमान वय १७ आणि कमाल वय ३५ आहे. तीन वर्षांच्या जीएनएमसाठी बारावी कोणत्याही शाखेतून, इंग्रजी विषयासह, ४० टक्के गुणांनी उत्तीर्ण असणे पुरते. मुक्त विद्यालयाची बारावीही चालते. म्हणजे ज्याचे शिक्षण मध्येच तुटले होते, ज्याने नोकरी करता करता बारावी केली, अशा माणसाचा विचार पात्रतेच्या अटी ठरवताना झालेला आहे, आणि तरीही त्याची जन्मतारीख आडवी येते. परिषदेने या वयोमर्यादेला एक अपवाद ठेवला आहे. जी आधीच नोंदणीकृत एएनएम आहे, तिला जीएनएमला प्रवेश घेताना वयाची अट नाही. चाळिशीतली बाई तीन वर्षांचा अभ्यास आणि वॉर्डातल्या पाळ्या पेलू शकते हे परिषदेला मान्य आहे, असाच याचा अर्थ होतो. मात्र एएनएमच्या प्रवेशालाच पस्तिशीची अट असल्यामुळे आणि तो अभ्यासक्रम फक्त स्त्रियांसाठी असल्यामुळे, बाहेरच्या व्यवसायातून येणाऱ्याला या अपवादाचा काहीच उपयोग होत नाही.

आता याच्या शेजारी दोन गोष्टी ठेवून पाहाव्यात. एमबीबीएसच्या प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या नीट परीक्षेला पूर्वी खुल्या प्रवर्गासाठी २५ आणि राखीव प्रवर्गासाठी ३० वर्षांची मर्यादा होती. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने मार्च २०२२ मध्ये ती काढून टाकली. तेव्हापासून या देशात चाळिसाव्या वर्षी डॉक्टर होण्यासाठी प्रवेश मागता येतो, नर्स होण्यासाठी मागता येत नाही. दुसरी गोष्ट आमच्या गावपातळीवरची. आशा कार्यकर्तीची निवड करताना तिचे वय २५ ते ४५ असावे, असे २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाच्या मार्गदर्शक सूचनाच सांगतात. चव्वेचाळीस वर्षांच्या बाईने गरोदर मातेची नोंद करावी, रात्री-अपरात्री तिच्यासोबत १०८ च्या गाडीत बसून रुग्णालय गाठावे, नवजात बाळाचे वजन करायला घरोघर जावे, हे शासनाला चालते. त्याच बाईने प्रसूतिकक्षाच्या दाराच्या आत यायचे ठरवले तर मात्र ती म्हातारी ठरते. माझ्या शेजारच्या वाडीत अशी एक आशाताई आहे. तिच्या वाडीतल्या कोणत्या घरात मधुमेह आहे, कोणाची गोळी संपली आणि कोण ती मुद्दाम घेत नाही, हे तिला तोंडपाठ आहे. ती बारावी आहे, तिला जीएनएम करायचे आहे, आणि ती अडतीस वर्षांची आहे.

हा प्रश्न राज्यभराचा असला तरी कोकणात तो जास्त टोचतो, आणि त्याचे कारण इथली माणसे जाणतात. आमच्याकडे विशीतली माणसे थांबत नाहीत. बारावी झाली की मुंबई-पुणे, आणि नर्सिंग झाले की त्याहूनही लांब. २०२४ मध्ये आपल्याच शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, आणि त्यात परिचारिकांचाही समावेश आहे. त्याला माझा मुळीच विरोध नाही. बावीस वर्षांच्या मुलीने जर्मन शिकून जावे, चार पैसे कमवावेत, जग पाहावे. परंतु त्याच जर्मनीत नर्सिंगचे प्रशिक्षण घेणाऱ्याला शिकत असतानाच दरमहा वेतन मिळते, आणि दुसरा व्यवसाय सोडून आलेल्या मोठ्या वयाच्या माणसालाही ते घेता येते, ही बाजूही करार करणाऱ्यांनी पाहिली असेलच. मागे गावात उरतात ती म्हातारी माणसे, ज्यांची मुले चाकरमानी म्हणून बाहेर आहेत, आणि तीस ते पंचेचाळीस वयाची पिढी, जिचे घर, आंब्याची कलमे, सासू-सासरे आणि मुलांची शाळा इथेच आहे. हीच पिढी बदलीसाठी मंत्रालयात खेटे घालणार नाही. आणि नेमक्या याच पिढीला आपला नियम बाहेर ठेवतो.

इथे नर्सला कोणते काम करावे लागते, हे मुंबई-दिल्लीत बसून पूर्ण कळणे अवघड आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. सिंधुदुर्गातला अत्यवस्थ रुग्ण गोव्यात बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयात जातो, आमच्याकडचा बहुतेकदा आंबा घाट चढून कोल्हापूरला, आणि पावसाळ्यात दरड कोसळली तर घाट बंद. त्यामुळे पहिले काही तास जे करायचे ते जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयातच करावे लागते. गेल्या पावसाळ्यात गवत कापताना फुरसे (एक विषारी साप) चावलेल्या एका बाईला संध्याकाळी आमच्याकडे आणले. फुरशाच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. ती बिघडली आहे की नाही हे पाहण्यासाठी डॉक्टर जी चाचणी सांगतात तिला कोणतेही यंत्र लागत नाही: स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचे, नळी न हलवता वीस मिनिटे उभी ठेवायची आणि मग तिरपी करून पाहायची. नळी प्लास्टिकची असली किंवा साबणाने धुतलेली असली तर निष्कर्ष चुकतो. करायला सोपी असलेली ही चाचणी निभावून नेणे मात्र अवघड असते, कारण ती वीस मिनिटे दारात दहा नातेवाईक उभे असतात. “बाय, सुई आधी दे, बाकीचं मागून बघ,” असे बाईचा दीर पुनःपुन्हा म्हणत होता. सर्पविषप्रतिबंधक लसीच्या आठ-दहा कुप्या लागतात, ती लस स्वतःच कधीकधी जिवावर बेतणारी ॲलर्जी आणते, म्हणून त्यावरचे ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन भरून तयार ठेवावे लागते, आणि गरज नसताना ती देणे धोक्याचे असते, हे त्याला शांतपणे समजावून सांगत एक डोळा घड्याळावर आणि एक डोळा बाईच्या हिरड्यांवर ठेवायचा. माझ्याबरोबर पाळीवर असलेली तरुण सिस्टर माझ्यापेक्षा वेगाने शीर शोधते. तिचा हात माझ्याहून चांगला आहे, हे मी मोकळेपणाने सांगते. त्या दिराला बाकावर बसवणे मात्र तिला जमत नव्हते. कारखान्यात रात्रपाळीला शंभर बायांची पाळी सांभाळलेल्या मला ते जमले. वीस मिनिटांनी रक्त पातळच होते, आणि डॉक्टरांनी लस सुरू केली.

विंचूदंशाचे उदाहरणही आमच्याच भागातले. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला, त्यातून असंख्य मुले वाचली, आणि त्यांचे ते काम जगभर पोचले. ते औषध दिल्यानंतर रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून रुग्णाला उठू न देता निजवून ठेवावे लागते आणि नाडी व रक्तदाब मोजत राहावे लागते. ही रात्रभराची राखण नर्सच करते. भातलावणीच्या दिवसांत लेप्टोस्पायरोसिस होऊ नये म्हणून आठवड्यातून एकदा घ्यायच्या डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या वाटल्या जातात. त्या खरोखर कोणाच्या पोटात गेल्या आणि कोणाच्या देव्हाऱ्यामागे पडून राहिल्या, हे ज्या बाईने स्वतः चिखलात उभे राहून लावणी केली आहे तिला विचारावे लागत नाही.

दुसऱ्या व्यवसायातून आलेला माणूस मोकळ्या हाताने येत नाही, हे माझ्या अनुभवावरून सांगते. मासळीच्या कारखान्यात शीतगृहाचे तापमान उणे १८ अंशांच्या वर जाऊ द्यायचे नाही, दर तासाला त्याची नोंद करायची, क्लोरीनच्या पाण्यात पाय बुडवल्याशिवाय आत पाऊल टाकायचे नाही, हातमोजे फाटले तर तो सगळा ट्रे बाजूला काढायचा, अशी शिस्त अंगात भिनलेली असते. परदेशातून तपासणीसाठी आलेला माणूस मासळी पाहण्याआधी नोंदवही पाहतो. रुग्णालयात आल्यावर लसी साठवायच्या आयएलआर फ्रीजची जबाबदारी माझ्याकडे आली, तेव्हा २ ते ८ अंशांची मर्यादा आणि सुटीच्या दिवशीही दोन वेळा करायची नोंद यांत मला नवीन काहीच नव्हते. उलट गोठू द्यायचे नाही, एवढीच गोष्ट नव्याने शिकावी लागली, कारण हेपॅटायटिस बी, पेंटाव्हॅलंट आणि टीडी या लसी एकदा गोठल्या की निकामी होतात. वादळानंतर वीज गेली की कोणालाही फ्रीजचे झाकण उघडू न देणे हे काम मी कारखान्यातल्याइतक्याच कठोरपणे करते, आणि त्याबद्दल सहकाऱ्यांची बोलणीही खाते. माझ्या बॅचमध्ये पूर्वी औषधाच्या दुकानात काम केलेली एक जण होती. डॉक्टरांचे अक्षर वाचता न आल्यामुळे होणाऱ्या गोंधळाबद्दल तिला पाठ्यनिर्देशिकांपेक्षा जास्त माहिती होती. बोटीवरची नोकरी सोडून आलेला एखादा खलाशी, ज्याने दर्यावर प्रथमोपचाराची पेटी सांभाळली आहे आणि चार तास काम, आठ तास विश्रांती अशा पाळ्यांची सवय केली आहे, तो पुरुष वॉर्डात किती उपयोगी पडेल याचा विचार व्हावा. रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत असे पुरुष गावोगाव आहेत.

हा विचार आपल्या राज्याला परकाही नाही. १९०९ साली पुण्यात स्थापन झालेल्या सेवासदनाने, रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली, प्रौढ आणि विधवा स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेच्या शिक्षणासाठी पाठवले. ज्यांचा संसार मोडला होता, अशा बायकांना दुसरे आयुष्य देणारा व्यवसाय म्हणून मराठी घरांत नर्सिंगची ओळख झाली. रुग्णसेवा हे हलके काम आहे, परपुरुषाला हात लावावा लागतो, अशा आक्षेपांना तोंड देत त्या शिकल्या. आज ते आक्षेप बरेच ओसरले आहेत. मोठ्या वयात शिकायला येणाऱ्या बाईची वाट मात्र तेव्हापेक्षा अरुंद झाली आहे.

या मागणीला जे विरोध होतात ते मी ऐकले आहेत. पहिला असा की हे काम अंगमेहनतीचे आहे. ते खरे आहे. बेशुद्ध रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवताना कंबर मोडते, आणि तीन रात्रपाळ्यांनंतर माझे पाय सुजतात. परंतु प्रवेशाच्या वेळी वैद्यकीय तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र घेतलेच जाते. ज्याची तब्येत पेलणार नाही त्याला तेथे नाकारावे, मग तो विशीतला का असेना. दुसरा आक्षेप, शासनाने शिकवायचे आणि सेवा मिळणार थोडकी वर्षे. बेचाळिसाव्या वर्षी प्रवेश घेतलेली बाई पंचेचाळिसाव्या वर्षी नर्स होईल आणि राज्यसेवेत ५८ व्या वर्षी निवृत्त होईल. ही तेरा वर्षे होतात, आणि ती तिच्याच तालुक्यात जातील. दोन वर्षांचा अनुभव घेऊन परदेशी जाणाऱ्या मुलीशी याची तुलना कोणी कागदावर मांडून पाहिली आहे का? तिसरा आक्षेप मला सर्वांत रास्त वाटतो, तो म्हणजे शासकीय संस्थांतल्या जागा आधीच थोड्या आहेत आणि मोठी माणसे आली तर गरीब घरातल्या बारावी झालेल्या मुलींच्या जागा जातील. म्हणून प्रौढांसाठी त्याच जागांत वाटा न मागता अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येपेक्षा जादा, जागा निर्माण कराव्यात, असे मी सुचवते. अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील ओरोस येथे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. रुग्णालय जवळ आहे, खाटा आहेत, शिकवणारी माणसे मिळू शकतात. याच तीन ठिकाणी अशा थोड्या जागा देऊन सुरुवात करता येईल.

केवळ वयोमर्यादा काढून भागणार नाही, हेही स्पष्ट लिहायला हवे, कारण प्रवेश मिळाल्यानंतरची वाट मी चालले आहे. मी शिकले त्या संस्थेत वसतिगृहात राहणे सक्तीचे होते. माझा मुलगा तेव्हा पहिलीत होता आणि संस्थेपासून घर एसटीने तासाभराच्या अंतरावर. तरीही रोज ये-जा करण्याची परवानगी मिळाली नाही, आणि तो सासूबाईंजवळ वाढला. अठरा वर्षांच्या मुलीच्या सुरक्षिततेसाठी केलेला नियम आईला जसाच्या तसा लावू नये. रात्रपाळीच्या दिवसांत तिने वसतिगृहात राहावे आणि एरवी घरी जावे, अशी मुभा देता येते. कागदपत्रांत माझ्याकडून शिक्षणातील खंडाचे प्रतिज्ञापत्र घेतले गेले. या काळात मी कोठेही शिकत नव्हते, एवढेच त्यात लिहून द्यायचे होते. मी काय काम केले, कोणते प्रशिक्षण घेतले, हे लिहायला अर्जात जागाच नव्हती. सामायिक प्रवेश परीक्षा असायला माझी हरकत नाही, पण पंधरा वर्षांपूर्वी बारावी झालेल्याला तिची तयारी करायला जिल्ह्याच्या ठिकाणी दोन महिन्यांचा विनामूल्य वर्ग तरी असावा.

पैशांचा प्रश्न सर्वांत मोठा आहे. बारावी झालेली मुलगी आई-वडिलांच्या घरातून येते, पस्तिशीची बाई स्वतःचे घर मागे ठेवून येते आणि तीन वर्षे त्या घराची एक मिळकत थांबते. माझ्या नवऱ्याची नोकरी होती म्हणून आमचे निभावले. ज्या विधवा किंवा परित्यक्ता स्त्रिया या व्यवसायात येऊ इच्छितात, त्यांचे तसे निभणार नाही. त्यांच्यासाठी घरखर्च भागेल एवढे विद्यावेतन द्यावे आणि त्याच्या बदल्यात कोकणातल्याच आरोग्य केंद्रात पाच वर्षांच्या सेवेचे बंधपत्र घ्यावे. असे बंधपत्र लिहून द्यायला त्यांच्यातली एकही जण मागेपुढे पाहणार नाही, कारण त्यांना इथेच राहायचे आहे.

राज्य शासनाच्या हातातली आणखी एक गोष्ट आहे. शासकीय नोकरभरतीसाठी खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ ही वयोमर्यादा आहे. पस्तिसाव्या वर्षी नियमानुसार प्रवेश घेतलेली खुल्या प्रवर्गातली बाई अडतिसाव्या वर्षी उत्तीर्ण होते, आणि भरतीची जाहिरात यायला जरा उशीर झाला की तिच्यासाठी सरकारी नोकरीचा विषय संपतो. मी स्वतः थोडक्यात बचावले. परिषदेने प्रवेशाचे दार उघडले आणि राज्याने भरतीचे दार तसेच ठेवले, तर या बायका खासगी रुग्णालयांत तुटपुंज्या पगारावर राबतील आणि आरोग्य केंद्रातली पदे रिकामीच राहतील. म्हणून अधिपरिचारिका संवर्गासाठी भरतीची वयोमर्यादाही सोबतच शिथिल व्हायला हवी. विज्ञान शाखेच्या पदवीधरांचा विचारही याच वेळी करावा. अमेरिकेत दुसऱ्या विषयाची पदवी असलेल्या व्यक्तीला साधारण वर्ष-दीड वर्षात नर्सिंगची पदवी घेता येते. आपल्याकडे रसायनशास्त्राचा किंवा जीवशास्त्राचा पदवीधर बारावी झालेल्या मुलाच्या शेजारी बसून पुन्हा पहिल्यापासून चार वर्षे शिकतो.

हे सगळे आत्ताच लिहिण्याचे कारण असे की, १९४७ च्या परिचर्या परिषद कायद्याच्या जागी २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा मंजूर झाला आहे. त्याखाली प्रवेशाचे विनियम नव्याने लिहावे लागणार आहेत, आणि जुन्या पुस्तकातली ३५ ही संख्या नव्या पुस्तकात तशीच उतरवली जाण्याची भीती मला वाटते. कोकणातील लोकप्रतिनिधींना माझी विनंती आहे की त्यांनी हा प्रश्न विधिमंडळात आणि संसदेत विचारावा, आणि ३५ ही मर्यादा कोणत्या आधारावर ठरली होती याचे लेखी उत्तर मागावे. वैद्यकीय शिक्षण विभागाने विनियमांच्या मसुद्यावर राज्याचे मत कळवण्यापूर्वी तो मसुदा मराठीत प्रसिद्ध करावा आणि रत्नागिरी किंवा ओरोस येथे एक दिवस सुनावणी ठेवावी. ती शक्यतो भातलावणीच्या आणि आंब्याच्या हंगामात नसावी, नाहीतर ज्यांना बोलायचे आहे त्याच बायका येऊ शकणार नाहीत. तारीख कळली तर पाळी बदलून घेऊन मी स्वतः हजर राहीन, आणि वर उल्लेख केलेल्या आशाताईलाही सोबत आणीन.

कळावे,

आपली विश्वासू,
एक अधिपरिचारिका,
जिल्हा रत्नागिरी